अप्पांचे बाक

२ नोव्हेंबर, रविवार

नकाशावाल्यांची मीटिंग. घाटकोपर, वैभवचा हॉल. एरवी आपापल्या भागातले रस्ते, गल्ल्या, दुकानं ऑनलाइन नकाशावर भरायची. आज विषय अचूकपणा. म्हणजे भांडण.

परांजपे मॅडम बोरिवलीहून खास तक्रार घेऊन आलेल्या. सत्तरी पार. सकाळी फिरणाऱ्या म्हाताऱ्यांचा ग्रुप चालवतात आणि आमच्या नकाशावर बाक कुठे आहेत ते पाहून रस्ता ठरवतात. गेल्या आठवड्यात मुलुंडला बहिणीकडे गेल्या होत्या. नकाशावर बाक, जागेवर गॅरेजची पायरी. दम लागलेला म्हणून बसल्या, तर गॅरेजवाला ओरडला. उठल्या आणि चक्कर आली. शटर धरून उभ्या राहिल्या. वैभवला म्हणाल्या, "मी तुमच्या भरवशावर घराबाहेर पडते रे."

वैभवने टीव्हीवर मुलुंड पूर्व लावलं. जिकडेतिकडे बाक. मिठागर रोडवर तर रांगच. मागून कोणीतरी म्हणालं, मुलुंडकर चालतात कधी? सगळे हसले. मीही हसले असेन.

सगळे बाक एकाच खात्यावरून टाकलेले. नाव वाचून कोणाला काही कळलं नाही. मला कळलं. ते खातं मीच उघडून दिलंय, अप्पांना.

"अनघा, तू मुलुंडची ना? जाऊन बघशील?"

"बघते," म्हटलं. घरी आल्यावर अप्पांनी विचारलं, काय झालं मीटिंगमध्ये. नेहमीचंच, म्हटलं.

५ नोव्हेंबर, बुधवार

अंधेरी, ऑफिस. दिवसभर विम्याचे क्लेम. बिल खरं की खोटं, एवढंच बघायचं. हल्ली बरं जमतंय. काही वाटत नाही, त्यामुळे चुका कमी होतात. साहेब खूश आहेत.

आई जुलैत गेली. सगळे म्हणाले, रडून घे. आलं नाही. खालच्या मजल्यावरच्या गोखले काकू अजून डब्यातून शिरा पाठवतात. मी शिरा खाते आणि डबा घासून परत देते.

बाकांचं लिहून ठेवते. आईचं फुफ्फुस आखडत चाललं होतं. डॉक्टर म्हणाले, रोज चालवा, दम लागला की बसवा. अप्पा तिला घेऊन संध्याकाळी निघायचे. सगळा वेळ तिच्या श्वासाकडे बघत चालायला नको, म्हणून मी त्यांना नकाशाचं शिकवलं. अप्पा जन्मभर कंपनीत डिस्पॅचला. खोके मोजल्याशिवाय ट्रक सोडला नाही कधी. इथेही लगेच स्वतःचा नियम केला. ती बसली, की तिथे बाक. कोणी बसल्याशिवाय एकही नाही.

मला माहीत होतं. मेडिकलच्या पायरीवर बाकाची खूण मी तेव्हाच पाहिली होती. दुसऱ्या कोणाची असती तर त्याच दिवशी उडवली असती.

८ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी जाऊन बघून आले. मिठागर रोड ते हनुमान चौक.

मेडिकलची पायरी आहे, पण आता तिच्यावर कुंड्या. रसवंतीबाहेरचं फळकूट गेलं, रसवंतीही गेली. इस्त्रीवाल्याशेजारी विजेच्या पेटीचा ओटा आहे, उन्हाने तापलेला. देवळाचा कट्टा ठीक. पॅथॉलॉजीबाहेरची पायरी आहे, पण लोक अक्षरशः मांडीवरून जातात. खरे बाक, पाठ असलेले, नगरसेवकाच्या नावाचे, बोटांवर मोजण्याइतके. त्यातल्या एकावर कुत्रा झोपला होता.

या प्रत्येक ठिकाणी आईला बसलेलं मी पाहिलंय. पर्स मांडीवर, एक हात अप्पांच्या गुडघ्यावर. आज तिथे उभी राहिले आणि फोटो काढले. चार बाजूंनी, नियमाप्रमाणे.

अप्पा भाजी आणायला गेलेले, उशिरा आले. नाक्यावर कोणी भेटलं म्हणाले.

९ नोव्हेंबर, रविवार

चहाला विषय काढला.

"अप्पा, बाक म्हणजे काय?"

"हा काय प्रश्न? बसता आलं म्हणजे बाक."

"असं नसतं. बसण्यासाठीच ठेवलेला पाहिजे. पायरी ही पायरी, ओटा हा ओटा."

"ढुंगणाला फरक कळत नाही गं."

हसायला हवं होतं. परांजपे मॅडमचं सांगितलं. गॅरेज, ओरडणं, चक्कर. अप्पांनी कप खाली ठेवला.

"गॅरेजवाला ओरडला? तो? अगं, तो तुझ्या आईला पाणी आणून द्यायचा. पायरी पुसायचा स्वतःच्या फडक्याने."

"आईला ओळखत होता, म्हणून. यांना ओळखत नाही."

"मग ओळख करून घ्यायची."

"नकाशात ओळख टाकता येत नाही, अप्पा."

अप्पांनी कप उचलून आत नेऊन ठेवला. मग म्हणाले, "ती बसली होती तिथे. हे खोटं आहे का?" खोटं नाही, पण दुसऱ्याच्या उपयोगाचं नाही, असं म्हणाले मी. बरोबरच म्हणाले.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

वैभवचा फोन, ऑफिसातच.

"काय झालं मुलुंडचं? सगळे एका झटक्यात उडवू का? कोणीही दुसरा तिथे गेला तर त्याला तेच दिसलं पाहिजे, एवढाच आपला नियम आहे यार."

"माझ्या वडिलांचं खातं आहे ते."



"अगं मग आधी बोलायचंस ना! मी टीव्हीवर लावलं सगळ्यांसमोर."

"बरोबरच केलंस."

"राहू दे का थोडे दिवस? काकू आत्ताच गेल्यात."

"वैभव, त्या बाईंना चक्कर आली."

"मग तूच काढ बाई. मी हात लावणार नाही."

चांगला मुलगा आहे. मला असं कोणी चांगलं वागलं की हल्ली अवघडल्यासारखं होतं. काम माझ्याच गळ्यात पडलं, ते एका परीने बरंच झालं.

१६ नोव्हेंबर, रविवार

सकाळी लॅपटॉप घेऊन बसले. अप्पांचे बाक तारखेने लावून घेतले, जुने आधी. पहिला, मेडिकलची पायरी. हात माउसवर. म्हटलं आधी शेवटपर्यंत पाहून घ्यावं, आपली पद्धत आहे ती.

शेवट जुलैत होत नव्हता. पुढे ऑगस्ट. सप्टेंबर, ऑक्टोबर. परवाचाही एक.

आई जुलैत गेली. मग बसलं कोण?

राग आला. किती महिन्यांनी काहीतरी आलं, तर हे. न बसता एकही नाही म्हणणारा माणूस, आणि आता मनाने खुणा मारत सुटलाय? मीटिंगमध्ये लोक हसले ते आठवलं. आईच्या नावावर हे नको होतं. जुनेही उडवले नाहीत, नवेही नाहीत. लॅपटॉप मिटला. कुकर लावला.

१९ नोव्हेंबर, बुधवार

विचारलं. सरळच.

"आई गेल्यानंतरचे बाक कसले आहेत?"

"कामाचे आहेत. राहू दे."

"कोणाच्या कामाचे?"

"बसल्याशिवाय मी लावत नाही, तुला ठाऊक आहे," म्हणाले आणि बातम्यांचा आवाज वाढवला.

म्हणजे त्यांना खरंच वाटतंय, ती अजून बरोबर चालते. ऑफिसातून वैभवला फोन करून हेच सांगितलं, की वडिलांच्या डोक्यात जरा गडबड आहे. तो म्हणाला, माझ्या मामांचं असंच झालं होतं, चांगल्या माणसाला दाखव, लाजू नकोस. मानसोपचारवाल्यांचा नंबर दिला. पुढच्या आठवड्यातली वेळ घेतली. अप्पांना अजून सांगितलेलं नाही. सांगायचं कसं, हेही ठरवलेलं नाही. एखादा क्लेम पुढे सरकवावा तसं सरकवलं मी ते.

२२ नोव्हेंबर, शनिवार

नीट लिहिते.

दुपारी वैभवचा मेसेज, फोटोसकट. आमचा तपासणीचा प्रोग्राम आहे, काही विचित्र दिसलं की लाल खूण करतो. "ही तुझीच बिल्डिंग ना? बाक चक्क बिल्डिंगच्या आत! काकांना सांग, निदान बाहेर तरी काढा." पुढे हसरा चेहरा.

खूण गुरुवारची. बरोबर आमच्या जिन्यावर. शेरा अप्पांचा: दुसरा मजला, वळणावर.

आम्ही तिसऱ्यावर. लिफ्ट नाही, बिल्डिंग पाडून नवीन होणार म्हणून कोणी बसवतही नाही. खाली उतरून पाहिलं. वळणावर बाक कुठला असणार. गोखले काकूंचं चपलांचं बुटकं कपाट, वर पेपर अंथरलेला. पेपर चुरगळला होता.

वर येऊन दार लोटतच होते, तर खालून सपातांचा आवाज. अप्पाच. एक मजला. दुसरा. मग आवाज थांबला.

कठड्यावरून वाकून पाहिलं. अप्पा कपाटावर बसले होते. दुधाची पिशवी मांडीवर, तोंड उघडं, एक हात छातीच्या मधोमध सपाट ठेवलेला. डोळे मिटलेले नव्हते. समोरच्या भिंतीकडे बघत होते. तिथे काही नाही.

हाक मारायला हवी होती. मी मागे सरले आणि घरात येऊन उभी राहिले. का, ते माहीत नाही. बऱ्याच वेळाने ते आले. दुधाला रांग होती म्हणाले. पिशवी माझ्या हातात दिली, ती कोमट झाली होती.

ते आंघोळीला गेल्यावर नकाशा उघडला. जुलैनंतरचे सगळे बाक एकाच वाटेवर, घर ते बाजार. ऑगस्टात दूर दूर. मग जवळ. आणखी जवळ. शेवटचा जिन्यात.

आईचं नव्हतं ते. मी लोकांच्या नकाशातल्या चुका काढते. घरातल्या माणसाला चालता येत नाही, हे मला एका प्रोग्रामने सांगितलं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

रजा टाकली. अप्पांना आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. खोटं बोलून, माझ्या सर्दीचं निमित्त करून. ईसीजी काढला. डॉक्टरांनी तो दोनदा पाहिला.

"चालताना छातीत दाबल्यासारखं होतं? कधीपासून?"

"असंच, अधूनमधून," अप्पा म्हणाले. "वय झालं आता."

मी फोन काढून डॉक्टरांपुढे धरला. नकाशा, बाक, तारखा.

"हे काय?"

"हे बसतात ती ठिकाणं. ऑगस्टपासूनची."

डॉक्टर बघत राहिले. बोटाने मोठं करून पाहिलं. अप्पांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. शाळेत वहीच्या आत दुसरं पुस्तक सापडलं की पोरं घालतात तशी.

अँजिओग्राफी करा, म्हणाले. उगाच लांबवू नका. गोळ्या दिल्या, एक जिभेखाली ठेवायची. मोठ्या हॉस्पिटलला चिठ्ठी दिली. पुढच्या गुरुवारची, चार डिसेंबरची तारीख मिळाली. छाती बसूनही दुखली तर तारखेची वाट बघायची नाही, थेट यायचं.

रिक्षात अप्पा म्हणाले, "मी जाणार नाहीये."

मानसोपचारवाल्यांची वेळ रद्द केली. फोनवरच्या बाईने कारण विचारलं. पेशंट ठीक आहे, म्हटलं. तिला बरं वाटलं.

२६ नोव्हेंबर, बुधवार

भांडण. दार लावून, गोखले काकूंना ऐकू जाऊ नये म्हणून.

"मला सांगायला काय झालं होतं?"

"तू विचारलंस?"

"विचारलं की! बाक कसले म्हणून!"

"बाकांचं विचारलंस. माझं नाही."

मी उठून खिडकीही लावून घेतली. मग तेच बोलायला लागले. आईला नळ्या लावल्या, शेवटचे दिवस ती कोणाला काही सांगूही शकली नाही, मला ते नको. जाईन तर चालता चालता जाईन. मी म्हटलं, तुम्ही चालता कुठे, बसता. हे बोलायला नको होतं. पण ते हसले. खरंच हसले.

"अनू, जुलैपासून तू कशी झालीयेस ठाऊक आहे? जेवतेस, ऑफिसला जातेस, डबा घासतेस. तुला आणखी एक हॉस्पिटल सांगायचं? कुठल्या तोंडाने?"

"म्हणून नकाशाला सांगितलंत?"

"कुठेतरी नोंद पाहिजे ना."

मला भीती वाटते. खूप वाटते. हे त्यांना म्हणाले नाही, इथे लिहिते.

३० नोव्हेंबर, रविवार

घाटकोपर. अप्पांना गोखले काकूंवर सोपवून गेले. जायचं नव्हतं, पण हे काम माझं होतं, संपवायला हवं होतं.

सगळ्यांना सांगितलं. खातं कोणाचं, नियम काय होता, कोण बसायचं. यावेळी कोणी हसलं नाही. वैभव उगाचच चहाचे कप गोळा करायला लागला.

तिथेच बसून आईचे बाक काढले. देवळाचा कट्टा आणि खरे तेवढे ठेवले. मेडिकल गेलं. रसवंती गेली. विजेच्या पेटीचा ओटा. पॅथॉलॉजीबाहेरची पायरी आली तेव्हा डोळे भरले. तिथे शेवटच्या वेळी ती बसली होती तेव्हा मी फोनवर होते, ऑफिसचा कॉल, आणि तिने नुसतं हाताने सांगितलं, बोल तू, बोल. रडले. फार नाही. परांजपे मॅडम शेजारी होत्या, त्यांनी पाठीवर हात ठेवला नाही की काही नाही, नुसती खुर्ची जवळ ओढली.

नंतर विचारलं त्यांनी, "त्या गॅरेजवाल्याचं नाव काय गं?"

"का?"

"पुढच्या वेळी नावाने हाक मारेन. बहीण काही मुलुंड सोडत नाही माझी."

अप्पांना फोन करून विचारलं. त्यांना नाव माहीत होतं, गावही माहीत होतं, पोरीचं लग्न कधी झालं तेही. मॅडमनी लिहून घेतलं.

अप्पांचे स्वतःचे बाक तेवढे उरलेत. वैभव म्हणाला, ते कधी काढतेस? काढेन, म्हटलं. काढायलाच हवेत, नियमात तेही बसत नाहीत. पण ते काढले तर मला काय दिसणार? तारीख दिली नाही त्याला.

३ डिसेंबर, बुधवार

उद्या गुरुवार. बॅग मी भरून ठेवलीय. अप्पांनी तिच्याकडे पाहिलं, हात लावला नाही. काल माझा भाऊ पुण्याहून फोनवर ओरडला त्यांच्यावर, त्यालाही बघू म्हणाले. हो म्हणत नाहीत, नाहीही म्हणत नाहीत.

गोळ्यांनी थोडा आराम आहे. ऑफिसातून लवकर आले तर म्हणाले, बाजारापर्यंत जाऊन येऊ. डॉक्टर म्हणाले होते जिने चढू नका. म्हटलं, परत चढायचं आहे. म्हणाले, सावकाश चढू.

त्यांच्याबरोबर अशी मी कधी चालले नव्हते. आई असताना ते दोघे पुढे, मी मागे फोन बघत. आज त्यांच्या चालीने चालले. मध्येच कुठेही थांबतात आणि थांबलो असं दाखवत नाहीत. पाटी वाचतात. कांद्याचा भाव विचारतात. आता कळतं.

परतताना नाक्याअलीकडे थांबले, पाटीही नव्हती वाचायला. बंद दुकानाचा ओटा. मीच म्हटलं, बसा. बसले. मीही बसले. ओटा गार होता. गोळी देऊ का विचारलं, मानेने नको म्हणाले. श्वास ऐकू येत होता. मी दुसरीकडे बघत होते आणि ऐकत होते.

श्वास जागेवर आला तसा त्यांनी खिशातून फोन काढला. नकाशा उघडला, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि आम्ही बसलो होतो तिथे खूण टाकली. बाक. आईचे मी रविवारीच काढले, हे त्यांना माहीत आहे. वैभव उडवेल. उडवू दे.

बाकाच्या माहितीत, किती जण बसू शकतात, असा एक रकाना असतो. अप्पांनी तो आजवर कधी भरला नव्हता. तिथे बोट थांबलं. मग दोन लिहिलं आणि सेव्ह केलं.

"उद्याचं काय, अप्पा?"

"आधी घरी तर पोचू," म्हणाले, आणि उठायला हात पुढे केला.